तेल्याचा रिपोर्ट तालुक्यातच का मिळू नये?

पाऊस लागून राहिला की डाळिंबवाल्यांची झोप उडते. परवा तळेगाव पट्ट्यात मावसभावाच्या बागेत गेलो होतो. मृग बहार, फळं लिंबाएवढी आणि त्यावर काळपट तेलकट ठिपके. विचारलं, "तेल्याच आहे का रे?" म्हणाला, "दुकानदार तेल्या म्हणतोय, शेजारचे अण्णा बुरशी म्हणतात. मी दोन्हीची औषधं मारली."

आपलं सगळं दुखणं या एका वाक्यात आहे.

तेल्या हा झॅन्थोमोनास जिवाणूचा रोग. बुरशीचे ठिपकेही सुरुवातीला तसेच दिसतात, औषधं मात्र वेगळी. अंदाजाने फवारलं की पैसा जातो, रोग राहतो, वर जिवाणू औषधाला सरावतो. स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन ही तर माणसांचीही प्रतिजैविकं. शेतीतला त्यांचा वापर बंद करण्याचा मसुदा केंद्राने २०२१ मध्येच काढला होता.

आता विज्ञान कुठे आहे ते बघा. चंदीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये या जिवाणूचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध केला. जगभरातल्या जिवाणूंचे असे आराखडे संगणकाला देतात. तो त्यांचे बारीक तुकडे करून कुठला तुकडा कोणात सापडतो हे शिकतो. नवा नमुना आला की जिवाणूचं नाव सांगतो, तो कोणत्या औषधाला दाद देणार नाही याचाही अंदाज देतो. फोटोवरून रोग सांगणाऱ्या ॲपला डाग दिसतो, इथे थेट जंतू ओळखला जातो.

पण संगणक शिकतो तो दिलेल्या नमुन्यांवरच. आपल्या बागेतले नमुने त्यात गेलेच नाहीत, तर इथला बदललेला जिवाणू त्याला कसा ओळखू येणार?

२०२० आठवा. ऐन लॉकडाऊनमध्ये अकोले-संगमनेरच्या टोमॅटोवर 'तिरंगा' आला. तो विषाणू होता, पण धडा तोच. नमुने बंगळुरूला गेले. रिपोर्ट येईपर्यंत अफवांनीच बाजार खाल्ला.

सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, राहुरीला कृषी विद्यापीठ, बाभळेश्वरला कृषी विज्ञान केंद्र. नवी इमारत कोणी मागत नाहीये. नमुना तालुक्यात घ्या, तपासणी राहुरीला करा, आठवड्यात मराठीत रिपोर्ट मोबाईलवर पाठवा. आणि कोणत्या गावात काय निघालं हे जाहीर करा, म्हणजे शेजारचा शेतकरी आधीच सावध होईल.

नुसत्या निदानाने बाग वाचत नाही, हे मान्य. निरोगी रोपं, छाटणीची कात्री निर्जंतुक करणं, पडलेली पानं-फळं उचलून नष्ट करणं याला पर्याय नाही. पण शत्रू कोण हेच माहीत नसताना किती दिवस लढायचं?

निवडणुकीत डाळिंबाच्या हाराने सत्कार करून घेणाऱ्यांनी एवढं उत्तर द्यावं. आणि शेतकरी बांधवांनो, तुमच्या बागेचा नमुना कधी तपासला गेलाय का? रिपोर्ट किती दिवसांनी आला? कमेंटमध्ये लिहा. ती यादी घेऊन मी स्वतः कृषी कार्यालयात जाणार आहे.