पारधीचा वाटा : बंदुकीला आहे, कुत्र्याला आहे, आणि बाईला?

शिमगा जवळ आला की रायगड जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना पारध आठवते. लग्नात किंवा उत्तरकार्याला चार चुलतभाऊ एकत्र बसले की विषय निघतोच. आजोबांची ठासणीची बंदूक, प्रबळगडाच्या पायथ्याचं रान, उठवलेलं भेकर, ओढ्याकाठी शिजलेली सागुती. दिवाळी अंकांतून अशा आठवणी छापूनही येतात आणि त्यांचा शेवट ठरलेला असतो : काय ती माणसं, काय ती एकी, आता तसं काही उरलं नाही! पनवेलच्या आसपास फार्महाउसं उगवल्यापासून या आठवणींना नवा रंगही चढला आहे. शेकोटी, मटण, बाटली आणि 'फक्त आपण भाऊ-भाऊ'. जनावर मारलं जात नाही, निदान उघडपणे नाही. बाकी थाट तोच.

मला या एकीशी भांडायचं आहे. शिकारीत जनावर मरतं म्हणून नाही. त्याबद्दल बोलणारे पुष्कळ आहेत आणि कायदाही आहे. ही एकी कोणाच्या कष्टावर उभी होती आणि तिच्यातून कोणाला मोजूनमापून बाहेर ठेवलं होतं, हे मात्र कोणीच बोलत नाही. आपल्या चळवळीतही नाही.

आधी पारध म्हणजे काय ते सांगते, कारण शहरातल्या मैत्रिणींच्या डोळ्यांपुढे टोपी घातलेला एकटा साहेब येतो. कोकणातली पारध एकट्याची नसते. तिला वीस-पंचवीस जण लागतात. निम्मे हाकारे. त्यांनी रानाच्या एका अंगाने डबे बडवत, आरोळ्या ठोकत, कुत्री सोडून जनावर उठवायचं. दुसऱ्या अंगाला, जनावराच्या वाटेवर, बंदूकवाले दबा धरून बसतात. कुठे बंदुकीच्या जागी वाघर, म्हणजे जाळं. कोणी कुठे बसायचं ते जाणता म्हातारा माग बघून ठरवतो. पोरगा पहिल्यांदा हाक्याला गेला की तो 'मोठा' झाला. यात खरीखुरी मजा होती, ते मी नाकारत नाही. एरवी बांधावरून एकमेकांची डोकी फोडणारे काका-पुतणे त्या दिवशी एका पंगतीला बसत. मात्र बंदूक बहुधा जमीनवाल्याची आणि हाका कातकऱ्या-ठाकरांचा. काट्याकुट्यातून धावायचं त्यांनी, बार टाकायचा मालकाने. म्हणजे पुरुषांच्या एकीलाही पायऱ्या होत्याच.

आता त्याच दिवसाची दुसरी बाजू. पारध पहाटे निघते, म्हणजे चूल रात्री तीनला पेटते. वीस जणांच्या तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, पाण्याची भांडी. 'रानातलं जेवण आम्ही पुरुषच रांधतो' असं मोठ्या कौतुकाने सांगितलं जातं. रांधतात, खरं आहे. पण मसाला कुटला कोणी? वाटण वाटून पानात बांधून दिलं कोणी? तांदूळ कोणी निवडला, आणि काळीठिक्कर पडलेली टोपं दुसऱ्या दिवशी राखेने कोणी घासली? एम.एस.डब्ल्यू.च्या वर्गात आम्हाला 'अदृश्य श्रम' हा शब्द शिकवला होता. वाडीवरच्या बाईला तो शिकवावा लागत नाही. टोपांचा प्रश्न विचारला की ती नुसती हसते.

आणि वाटे. पारधीचा सगळा न्याय वाट्यात असतो. जनावर पडलं की वाटे घालतात. हिशेब गावोगाव बदलतो, पण त्याची रीत सारखी. ज्याचा बार लागला त्याचा मानाचा वाटा. बंदुकीचा वेगळा वाटा, म्हणजे बंदूकवाला जागेवर झोपला असला तरी त्याला तो मिळणार. ज्याची कुत्री धावली त्याला कुत्र्याचा वाटा. हाकाऱ्यांना माणशी एकेक. कुठे घरटी वाटा निघतो. पण त्या घरातून 'माणूस' आला पाहिजे. माणूस म्हणजे पुरुष. विधवेच्या घरी हाक्याला जाण्याजोगा मुलगा नसेल तर वाटा नाही. कोणी दया म्हणून पानात चार तुकडे पाठवले तर पाठवले. भाकऱ्या थापणारीचा वाटा कोणत्याही गावात ऐकला आहे का? मी विचारत असते. अजून तरी हो म्हणणारं कोणी भेटलेलं नाही. तिला घरच्या वाट्यातलं मिळतं, तेही सगळ्यांचं जेवून झाल्यावर, रस्सा उरला तर.

वाटा नाही तो नाहीच, वर दोष मात्र आहे. वाघरीला बाईचा हात लागता कामा नये, पाळीच्या बाईने बंदुकीवरून जाऊ नये, निघताना विधवा आडवी येऊ नये. पारध रिकाम्या हाताने परतली की वारा फिरला, कुत्रं चुकलं, म्हातारा चुकला असं सहसा कोणी म्हणत नाही. घरात कोणीतरी काहीतरी शिवलेलं असतं. त्यात पोटात दारू. त्या रात्री मार कोणी खायचा हे सांगायला नको.

दोष बाईवर टाकण्याची ही खोड आजची नाही. आपल्या पुराणांत राजे शिकारीला जातात आणि निस्तरतात बायका. दशरथ आवाजाच्या रोखाने बाण सोडतो, श्रावण मरतो, आणि शापाची आग पुढे कौसल्येच्या घरात शिरते. पांडू मृगाच्या जोडीला मारतो. पुढचं सगळं आयुष्य कुंती आणि माद्री त्या शापाभोवती बेतून काढतात, माद्री तर चितेवर चढते. दुष्यंत हरणामागे धावत आश्रमात येतो, शकुंतलेला वचन देतो आणि विसरतो. आणि रामायणात? हरणामागे जातो राम, मारतो राम, पण शतकानुशतकं कीर्तनातून ऐकायला मिळतं काय, तर सीतेचा हट्ट! कांचनमृगाचं खापर आजही तिच्याच माथी.

हे फक्त पुराणात नाही. ऑक्टोबर १९९८ मध्ये जोधपूरजवळ कांकाणी गावात काळवीट मारल्याचा खटला सगळ्यांना ठाऊक आहे. ५ एप्रिल २०१८ ला न्यायालयाने सलमान खानला ५ वर्षांची शिक्षा सुनावली आणि दोन दिवसांत जामीनही झाला. पनवेलकरांना हा नट त्याच्या इथल्या फार्महाउसमुळे जवळचा वाटतो. त्या खटल्यात गाडीतल्या तीन नट्या आणि एक नट यांच्यावर त्याला चिथावल्याचा आरोप होता. चौघेही सुटले. पण त्या वीस वर्षांत चहाच्या टपरीवर मी जे ऐकलं ते 'बायका बरोबर होत्या ना, मग चढला जोर' असंच. बंदूक पुरुषाच्या हातात आणि कारण बाईच्या डोळ्यांत!

'अहो, पण निसर्गच तसा आहे. पुरुष शिकारी, बाई घरात.' हे वाक्य शिकलेले लोक जास्त म्हणतात. १९६६ साली शिकागोत मानवशास्त्रज्ञांची एक मोठी परिषद भरली होती. 'मॅन द हंटर' हे तिचं नाव, आणि पुढे त्याच नावाचं पुस्तक आलं. शिकारीमुळे माणूस माणूस झाला, ही समजूत त्यानंतर फार पसरली. सॅली स्लोकम या अभ्यासक बाईने सत्तरच्या दशकात विचारलं : मग तेव्हा बायका काय करत होत्या? कंदमुळं, फळं, बिया गोळा करणं, ती वाहून आणायला झोळी बनवणं, हे माणूस होणं नव्हे काय? त्या परिषदेतल्या आकडेवारीतूनही दिसत होतं, की अनेक समाजांत रोजचं पोट मुख्यतः बायकांनी गोळा केलेल्या अन्नावर भरतं. फिलिपाइन्समधल्या आगटा बायका कुत्री घेऊन स्वतः शिकार करतात, हे संशोधकांनी नोंदवलं. पेरूच्या डोंगरात सुमारे ९,००० वर्षांपूर्वीचं एका तरुणीचं दफन सापडलं, सोबत शिकारीची हत्यारं; ते २०२० मध्ये जाहीर झालं. २०२३ मध्ये तर एका अभ्यासाने ६३ समाजांपैकी ७९ टक्के समाजांत बायका शिकार करतात असा आकडा दिला. तो फुगवलेला आहे अशी टीका लगेच झाली, आणि ती टीकाही वाचावी. बायका सगळीकडे शिकार करत होत्या हे सिद्ध करायची मला गरजच वाटत नाही. 'कधीच नाही, कुठेच नाही' हे खोटं आहे, एवढं पुरे.

लांब कशाला, झारखंडच्या उरांव बायकांची जनी शिकार बघा. दर बारा वर्षांनी त्या पुरुषी कपडे चढवतात, धनुष्य-कुऱ्हाडी घेतात आणि शिकारीला निघतात. रोहतासगडावर पुरुष सणाच्या नशेत पडलेले असताना बायकांनी पुरुषवेशात शत्रू परतवला, त्याची ही आठवण. महाश्वेता देवींची 'शिकार' ही कथा याच प्रथेवर उभी आहे. पण तीही बारा वर्षांतून एकदा! उरलेली अकरा वर्षं भाकऱ्याच.

आता कायद्याकडे येते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंधनं आणली, १९९१ च्या दुरुस्तीने हौसेच्या शिकारीचे परवाने संपवले. पनवेलजवळचं कर्नाळा १९६८ पासून अभयारण्य आहे. अभयारण्यातल्या शिकारीला ३ ते ७ वर्षांची शिक्षा आहे. म्हणजे पारध आज गुन्हा आहे. या गुन्ह्यात हाती कोण लागतं? फास लावणारा, पायी चालणारा कातकरी. वीटभट्टीचा हंगाम संपवून आलेला, उचल फेडून हातात काही न उरलेला. तो आत गेला की त्याची बायको वकिलाच्या दारात, मुलं कडेवर. ज्या समाजाचं नावच पारधीवरून पडलं, त्या पारध्यांना इंग्रजांनी गुन्हेगार जमात ठरवलं. १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला गेला, पण पारधी बाई पोलीस ठाण्यात गेली की आजही आरोपीसारखीच उभी असते. याउलट कोल्हापूरच्या दरबारी चित्ते पाळून काळविटांची शिकार होत असे, तिचं आपण कौतुकाने वर्णन करतो. राजाची ती शिकार, पारध्याची ती चोरी.

म्हणून आदिवासी संघटनांतले आपले भाऊ चिडतात, 'तुम्ही बायका वनखात्याची भाषा बोलायला लागलात' म्हणतात. नाही. भुकेपोटी ससा धरणारा आणि परवान्याची बंदूक घेऊन जीपमधून येणारा, यांत फरक कळतो आम्हाला. पण २००६ च्या वनहक्क कायद्याकडे जरा बायकांच्या नजरेने बघा. त्याने परंपरेने चालत आलेले अनेक हक्क मान्य केले, आणि शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला. गौण वनोपजाचा हक्क मात्र दिला : डिंक, आवळा, मोह, मध, कंद. म्हणजे बाईच्या डोक्यावरच्या भाऱ्याला, तिच्या टोपलीला कायद्याने हक्क म्हटलं. जोडप्याच्या जमिनीचा पट्टा दोघांच्या नावावर द्यायचा, वनहक्क समितीत एक तृतीयांश बायका घ्यायच्या, हेही त्यात आहे. तरी 'आमचं रान, आमची परंपरा' म्हणून भाषण होतं तेव्हा पोस्टरवर कोण असतो? धनुष्य ताणलेला पुरुष. टोपली घेतलेली बाई पोस्टरवर कधी येणार?

आणि एकीबद्दल शेवटचं. जानेवारी २०२५ च्या अखेरीला पालघर जिल्ह्यात मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात गावकऱ्यांचा गट रानडुकराच्या शिकारीला गेला होता. डुक्कर समजून झाडलेली गोळी सोबत्यालाच लागली आणि तो मेला. सोबत्यांनी पोलिसांना कळवलं नाही. प्रेत झुडपात लपवलं. फेब्रुवारीत प्रकरण उघडकीला आलं तेव्हा धरपकड झाली. मधले दिवस सगळे गप्प. घरचे वाट बघत होते, आणि ज्यांना ठाऊक होतं ते गावातच फिरत होते. गुन्हा लपवण्यासाठी ओठ शिवून घेणं, हीसुद्धा तीच एकी आहे, जिचे गोडवे दिवाळी अंकात गायले जातात. भावाने भावाचं झाकायचं. शिकारीतलं झाकणारे घरातलं मारणंही झाकतात, हे आपल्या सल्ला केंद्रात बसणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे.

मग आपण मागायचं काय? निम्मी बंदूक नको. मला विचाराल तर आधी बंदुकीचाच हिशेब मागू. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घरोघर बंदुका टांगलेल्या आहेत. पिकाचं नुकसान होतं हे खरं. डुकरांनी एका रात्रीत भात झोपवलेला मी पाहिला आहे, आणि रडणारी बाईच होती, कारण लावणी तिने केली होती. पिकाची नासधूस करणाऱ्या जनावरासाठी वनखात्याकडे रीतसर अर्ज करता येतो, भरपाई मागता येते. पण तीच बंदूक रात्री भांडणात भिंतीवरून खाली उतरते, तेव्हा तिचा परवाना कोणत्या पिकासाठी असतो? परवाना देताना आणि त्याचं नूतनीकरण करताना पोलीस चौकशी होते. त्या चौकशीत घरातल्या बाईचा जबाब स्वतंत्रपणे, नवरा-सासरा समोर नसताना, घेतला जावा. तिची तक्रार असेल तर नूतनीकरण थांबावं. ही मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी नेता येण्यासारखी आहे, आणि तिला नवा कायदाही लागत नाही.

दुसरं, येत्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारू या. गावात परवान्याच्या बंदुका किती आणि कोणाच्या घरी? वनहक्क समितीतल्या बायका कोण, आणि त्यांनी शेवटची सही कुठल्या ठरावावर केली? पट्टे दोघांच्या नावावर झाले का? पुरुष हसतील. पारधीचा विषय ग्रामसभेत कशाला, असं म्हणतील. हसू द्या, पण उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची प्रत मागा. पनवेल, उरण, खालापूर, कर्जतच्या गटांनी आपापल्या गावची उत्तरं लिहून पाठवली तर पुढच्या अंकात ती एकत्र छापता येतील.