गाळ्यांच्या भाड्याची सुधारणा कागदावरच. मालकही आपले, भाडेकरूही आपलेच

वेळापूर : आषाढीला माउलींची पालखी मुक्कामाला आली की आमच्या गावातल्या रस्त्याकडेच्या दुकानदारांच्या गल्ल्यात चार पैसे जास्त पडतात. वर्षभर मात्र त्यांना एकच घोर असतो, गाळ्याचं भाडं. करार बहुतेक वेळा तोंडी. मालक म्हणतो, एवढ्या भाड्यात परवडत नाही. भाडेकरू म्हणतो, एवढं डिपॉझिट आणू कुठून? आणि सरकार दोघांनाही सांगतं, सुधारणा करतो.

ही सुधारणा का होत नाही, ते आधी समजून घेऊ. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. कायदा तात्पुरता होता, पण मुदतवाढ घेत पन्नास वर्षं चालला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातली प्रमाणभूत भाड्याची तरतूद आता न्याय्य राहिली नसल्याचं सांगितलं. मग महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने वर्षाला ४ टक्के भाडेवाढीची मुभा दिली. म्हणजे २००० साली १०० रुपये भाडं असलेला गाळा पंचवीस वर्षांनी पावणेतीनशेच्या आतच. एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भांडवल असलेल्या कंपन्या मात्र या संरक्षणातून वगळल्या गेल्या.

पुढे २ जून २०२१ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने आदर्श भाडेकरार कायदा मंजूर केला. लेखी करार, दुकानासाठी जास्तीत जास्त सहा महिन्यांचं डिपॉझिट, तंट्यांसाठी वेगळी यंत्रणा. कागदावर चांगलंच आहे. पण तो स्वीकारायचा की नाही, हे राज्याच्या हाती, आणि महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. कारण उघड आहे. भाडेकरूही मतदार, मालकही मतदार. कुणाला दुखवायचं?

आपल्यासाठी यात आणखी एक मेख आहे. नोंदणीकृत वक्फ आणि सार्वजनिक ट्रस्टच्या मालमत्ता या आदर्श कायद्यातून वगळल्या आहेत. म्हणजे मस्जिदीच्या गाळ्याचा प्रश्न तिथे सुटतच नाही.

वक्फच्या बाबतीतही तीच गत. २००६ च्या सच्चर समितीने हिशेब मांडला होता. देशभरातल्या वक्फ मालमत्तांची बाजारभावाने किंमत सुमारे १ लाख २० हजार कोटी, वार्षिक उत्पन्न फक्त १६३ कोटी. नीट वापर झाला तर १२ हजार कोटी मिळू शकतात, असंही समितीने म्हटलं होतं. २०१४ मध्ये केंद्राने वक्फ मालमत्ता भाडेपट्टा नियम आणले. भाडं बाजारभावाशी जोडलं. पण छोट्या दुकानदाराला ते झेपेना. २०१८ मध्ये त्याच नियमांच्या फेरविचारासाठी न्या. झकीउल्ला खान समिती नेमावी लागली. २०२५ मध्ये वक्फ दुरुस्ती कायदा आला, तेव्हाही सरकारने चांगल्या कारभाराचंच आश्वासन दिलं. गाळ्यात बसलेल्या माणसाच्या रोजच्या प्रश्नाला मात्र उत्तर नाही.

आम्हाला वाटतं, सरकारकडे बोट दाखवताना आपण स्वतःलाही विचारलं पाहिजे. मस्जिदीचा गाळा वर्षानुवर्षं नाममात्र भाड्यात वापरणारा आपलाच भाऊ असतो. त्याच गाळ्याच्या भाड्यातून इमामसाहेबांचा पगार, मदरशातल्या मुलांचा खर्च निघायचा असतो. वक्फ ही अमानत आहे. पण ट्रस्टनेही एका रात्रीत भाडं चौपट करून कुणाच्या चुलीत पाणी ओतू नये. टप्प्याटप्प्याने वाढ, दोन्ही बाजूंच्या संमतीने, हाच मार्ग दिसतो.

सरकार जागं होईपर्यंत तीन गोष्टी आपल्या हातात आहेत. एक, १९९९ चा कायदा अनुसूचीतल्या गावांनाच लागू आहे. आपलं गाव त्यात येतं का, ते वकिलाकडून तपासून घ्या. दोन, करार लेखी करा आणि त्याची नोंदणी करा. कायदा लागू आहे तिथे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जाऊ शकतं. तीन, भाड्याची पावती दर महिन्याला मागा आणि जपून ठेवा.

मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, ही ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहे. कायद्याची वाट बघत बसण्यापेक्षा आपण निदान तिच्यावर अमल करू.