सूचक, अनुमोदक आणि आम्ही

आमच्या विभागाच्या बैठकीचे इतिवृत्त पुष्कळदा बैठकीपूर्वीच तयार असते. 'सर्वानुमते ठरले' हे शब्द टंकलिखित; सूचक व अनुमोदक यांच्या नावांपुरती जागा रिकामी. गेल्या वर्षी पदव्युत्तर वर्गाची मध्ययुगीन साहित्याची अभ्यासपत्रिका अशीच 'ऐनवेळचा विषय' म्हणून ऐच्छिक झाली. ती वर्षानुवर्षे शिकविणाऱ्यांना ठराव कळला तो सही करताना. आणि आम्ही सह्या केल्या.

सहभागाची कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर वा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी कार्यसमितीची तरतूद होती. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४३-क आणून व्यवस्थापनातील कामगारांचा सहभाग हे राज्याच्या धोरणाचे मार्गदर्शक तत्त्व ठरविले. शिक्षक मात्र त्या कायद्याच्या चौकटीबाहेरच राहिला. १९८८ मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक हा त्या कायद्याच्या अर्थाने 'कामगार' नव्हे, असा निर्वाळा दिला. अध्यापन हे उदात्त कार्य मानले गेले. उदात्तपणाचा हा मान आम्ही मिरवला. आपल्याला विचारले जावे हा आग्रह मात्र धरला नाही. विद्यापीठ कायद्याने अभ्यास मंडळे दिली, त्यांत निवडून आलेले सदस्यही असतात. पण विभागाच्या टेबलापर्यंत ते तत्त्व पोचतच नाही.

सर्वांना विचारत बसले तर कामे व्हायची कधी, असे आम्हांला ऐकविले जाते. हा युक्तिवाद फसवा आहे. बैठकीत वाचविलेला तास पुढे वर्षभर वर्गात वाया जातो. जी कादंबरी का नेमली हे शिक्षकालाच ठाऊक नाही, ती तो गाइडच्या आधारे उरकतो, आणि विद्यार्थी साहित्याऐवजी उत्तरे पाठ करतो.

दोष केवळ वरिष्ठांचा नाही. तासिका तत्त्वावरील सहकारी आमच्याइतकेच शिकवितात. त्यांना आम्ही तरी कधी बैठकीला बोलावले? लोकशाहीवर व्याख्याने देणाऱ्यांनी याचे उत्तर द्यायला हवे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. मसुदा पंधरा दिवस आधी सर्वांच्या हाती पडावा. शिकविणाऱ्या प्रत्येकाला, मग तो कायम असो वा नसो, बोलू द्यावे. सूचना फेटाळली तर कारण लेखी द्यावे. एकमत नसेल तेथे 'सर्वानुमते' लिहू नये. अंतिम निर्णय विभागप्रमुखांनी घ्यावा. त्याला आमची हरकत नाही. न विचारता आमची संमती गृहीत धरण्याला आहे.

पुढील इतिवृत्तावर सही करण्यापूर्वी आम्ही ते वाचू, आणि गरज पडल्यास सहीसोबत भिन्नमतपत्रिका जोडू.