युवा समिती फक्त मोर्च्यापुरतीच का?

१ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीत पुढे कोण असते, हे उचगाव पंचक्रोशीतल्या कुणालाही सांगायला नको. दंडाला काळी फीत बांधून घोषणा देत जाणारी विशी-पंचविशीतली पोरे असतात. फेरी संपते, सभा सुरू होते, आणि मग व्यासपीठाकडे नजर टाकावी. तिथे बसलेल्यांचे सरासरी वय काढले तर ते सीमाप्रश्नाच्या वयाशी जुळेल! फेरीत पुढे असलेली पोरे तोवर मागे उभी राहून खुर्च्या मोजत असतात. सीमाभागातील ज्येष्ठांविषयी पूर्ण आदर ठेवून, पण आडपडदा न ठेवता, या विषयावर बोलण्याची वेळ आली आहे.

प्रत्येक पक्षाला युवा आघाडी असते. भाजपचा युवा मोर्चा आहे, काँग्रेसची युवक काँग्रेस आहे, शिवसेनेची युवासेना आहे आणि आपल्याकडे महाराष्ट्र एकीकरण युवा समिती आहे. या आघाड्या कशासाठी असतात, असा साधा प्रश्न विचारला तर उत्तर ठरलेले असते: "उद्याचे नेतृत्व घडवण्यासाठी." हा उद्या नेमका कधी उजाडतो, हे मात्र कोणी सांगत नाही. तोपर्यंत सतरंज्या उचलणे, गर्दी जमवणे, भिंती रंगवणे आणि प्रसंग आला तर अंगावर लाठी घेणे एवढेच काम तरुणांकडे राहते.

आपला लढा तरुणांनीच उभा केला, हे विसरून चालणार नाही. १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावात गोळीबार झाला, त्यात पैलवान मारुती बेन्नाळकरांसारखी तालमीत घडलेली माणसे पडली. निपाणीत कमळाबाई मोहिते हुतात्मा झाल्या. युवा समितीच्या बैठकीत आजही मुली बोटावर मोजण्याइतक्या असतात, म्हणून हे नाव मुद्दाम घेतले. १९८६ साली कन्नड सक्तीविरुद्ध आंदोलन पेटले तेव्हा नऊ जणांचे बळी गेले. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकासमोर दर १ जूनला आपण माथा टेकवतो. ते स्मारक आपल्या वाटेवरच आहे, बेळगावला जाता-येता दिसते. त्या काळी कुठे युवा आघाडी होती? नव्हती, कारण तिची गरजच नव्हती. तरुण आणि समिती अशा दोन गोष्टी वेगळ्या नव्हत्या. पंचविशीतला माणूस गावाच्या बैठकीत उभा राहून बोलत होता आणि त्याचे ऐकले जात होते.

आज वेगळी युवा समिती काढावी लागली, यातच मूळ समितीची दारे जड झाल्याची कबुली आहे. असो.

दुसरी बाजूही बघू. समिती हा रूढ अर्थाने पक्ष नव्हे. शेतकरी कामगार पक्ष, समाजवादी, काँग्रेसी, कोणत्याच पक्षात नसलेले, अशा सगळ्यांना सीमाप्रश्नापुरते एकत्र बांधणारी ती मोळी आहे. शहर समिती, तालुका समिती, खानापूर समिती आणि त्यांच्यावर मध्यवर्ती, अशी तिची रचना. कोणत्याही सरकारी नोंदीतून तिला बळ मिळत नाही, ते गावच्या बैठकीतून येते. म्हणूनच ज्येष्ठांना धास्ती वाटते: पोरांच्या हाती सूत्रे दिली आणि त्यांनी एका संतापाच्या भरात मोळी सोडली तर? ही धास्ती खोटी नाही. तरुणांचे जथे मोकळे सोडले की काय होते, हे देशाने १९७५ ते १९७७ च्या आणीबाणीत पाहिले. संजय गांधींच्या युवक काँग्रेसकडे सत्ता होती, पण तिला जाब विचारणारे कोणी नव्हते.

तरीही एक विचारावेसे वाटते. मोळी खरोखर पोरांनी सोडली का? २०१३ साली समितीचे दोन आमदार निवडून आले, बेळगाव दक्षिण आणि खानापुरातून. २०१८ ला दोन गट ठिकठिकाणी समोरासमोर उभे राहिले आणि विधानसभेत समितीचा एकही माणूस पोचला नाही. हे भांडण विशीतल्या कार्यकर्त्यांचे नव्हते. आणि आपल्या गावापुरते बोलायचे तर दुखणे त्याहून जुने आहे. एकेकाळी विधानसभेचा मतदारसंघच 'उचगाव' या नावाचा होता आणि तिथून समितीचे आमदार पुन्हा पुन्हा बंगळुरात जाऊन मराठीत शपथेचा आग्रह धरत. २००८ च्या पुनर्रचनेत ते नाव गेले आणि आपण बेळगाव ग्रामीणमध्ये आलो. २००८ आणि २०१३ ला भाजप, २०१८ आणि २०२३ ला काँग्रेस. ग्रामीणमधून या चारही निवडणुकांत समितीचा आमदार झाला नाही.

आता २०२१ ची लोकसभा पोटनिवडणूक आठवा. सुरेश अंगडी यांच्या निधनामुळे ती लागली. समितीने युवा समितीचे शुभम शेळके यांना उभे केले. पैसा नव्हता, कोरोनाची लाट होती, महाराष्ट्रातले मोठे नेते काही आपल्या बाजूने तर काही विरुद्ध बाजूने प्रचाराला आले. तरीही शेळके यांना १ लाख १७ हजारांवर मते पडली. भाजपच्या मंगला अंगडी निवडून आल्या त्या अवघ्या ५,२४० मतांच्या फरकाने. बेळगावातला मराठी मतदार काय करू शकतो, हे दोन्ही राष्ट्रीय पक्षांना त्या दिवशी कळले. ही मते शेळके यांची एकट्याची नव्हती, समितीची पुण्याई त्यात होतीच. पण बऱ्याच वर्षांनी घराघरातली पोरे आपणहून बाहेर पडली आणि आईबापांना मतदान केंद्रावर घेऊन गेली, हेही तितकेच खरे.

पुढे काय झाले? त्याच वर्षी सप्टेंबरात महानगरपालिकेची निवडणूक झाली. ज्या पालिकेवर वर्षानुवर्षे मराठी महापौर बसले, तिथे भाजपने ५८ पैकी ३५ जागा जिंकल्या. २०२४ च्या लोकसभेत समितीची मते २०२१ च्या जवळपासही पोचली नाहीत. लाखभर मते गोळा करणाऱ्या पोरांना एप्रिलनंतर कोणते काम दिले? उमेदवार ठरवणाऱ्या बैठकीत त्यांना किती जागा दिल्या? याचे उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे.

काम मिळाले नाही, गुन्हे मात्र मिळाले. २०२१ च्या डिसेंबरात बंगळुरातल्या शिवरायांच्या पुतळ्यावर शाई टाकल्याच्या घटनेनंतर बेळगाव पेटले, पुतळ्यांची विटंबना झाली, धरपकड झाली आणि समितीच्या तरुणांवर गंभीर कलमे लागली. काहींवर राजद्रोहाचे कलमही लावले गेले. पुढे मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम स्थगित केले. पण इतर कलमांच्या तारखा चुकत नाहीत. त्याआधी २०१४ च्या जुलैत येळ्ळूरचा 'महाराष्ट्र राज्य' फलक हटवला तेव्हा लाठीमार झाला आणि गावातल्या कित्येक जणांना वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

जुन्या घराण्यांनी इथे थोडे थांबावे. आपल्या भागातला पोरगा बारावी झाला की सकाळी रस्त्यावर धावताना दिसतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र बेळगावात आहे आणि घरटी एक जवान ही आपल्याकडची जुनी रीत. सैन्यभरतीला वयाची अट थोडक्या वर्षांची असते. चारित्र्य पडताळणीत एक गुन्हा निघाला आणि खटला पाच वर्षे चालला, तर निर्दोष सुटूनही वय निघून गेलेले असते. पासपोर्टचे तेच, सरकारी नोकरीचे तेच. शिनोळीच्या किंवा उद्यमबागच्या कारखान्यात रोजावर जाणाऱ्याचा तारखेच्या दिवसाचा रोज बुडतो. एका रात्रीच्या घोषणेची किंमत त्याचे घर दहा वर्षे मोजते. जो ही किंमत मोजतो, त्याला आंदोलन कधी, कुठे आणि कसे करायचे हे ठरवताना मत नसावे, हा कुठला न्याय? वकिलाची फी कोणी द्यायची, हाही प्रश्न दरवेळी वर्गणीवर सोडला जातो. समितीच्या निधीत खटल्यांसाठी कायमचा वेगळा हिशेब हवा आणि तो तरुणांच्या हातात हवा.

युवा आघाडीला स्वतःचे रान मिळाले तर काय घडते, याचे एक उदाहरण मुंबईत आहे. युवासेना २०१० च्या दसरा मेळाव्यात सुरू झाली. नेता घरातूनच आला, त्यावर टीका झाली, ती रास्तच होती. पण त्या पोरांना मुंबई विद्यापीठाच्या सिनेटचे काम दिले गेले. पदवीधरांची नोंदणी करायची, परीक्षांच्या निकालांचा गोंधळ हाती घ्यायचा, मते मागायची. २०१८ साली पदवीधरांच्या दहाच्या दहा जागा त्यांनी जिंकल्या आणि २०२४ मध्ये, शिवसेना फुटल्यानंतरही, पुन्हा दहाच्या दहा जिंकल्या. मोठ्या निवडणुकीतल्या हार-जितीपलीकडे आपली म्हणून एक जागा त्यांनी राखली. शरद पवारही युवक काँग्रेसमधूनच वर आले. १९६७ साली आमदार झाले तेव्हा त्यांची सत्ताविशीही पुरी झाली नव्हती. तेव्हाच्या काँग्रेसमध्येही जुनी खोडे कमी नव्हती, पण उमेदवारी मिळाली.

आपल्याकडे हे रान कोणते? माझ्या मते पहिले रान मतदार यादीचे. १९८९ मध्ये मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले. त्याला आता पिढी उलटली, तरी आपल्या वाड्यांमधून अठरा पूर्ण झालेली कितीतरी नावे यादीत नसतात. पोरगा पुण्याला किंवा कोल्हापूरला शिकायला जातो, नाव तिकडे लागते किंवा कुठेच लागत नाही. २०२२ पासून नाव नोंदवायला वर्षातून चार पात्रता तारखा आहेत आणि सतरा पूर्ण झालेल्यालाही आगाऊ अर्ज करता येतो. हे काम साठीतल्या पंचांकडून होणार नाही. मोबाईल हाताळणाऱ्या पोरांचे हे काम आहे. युवा समितीने गल्लीगल्लीची यादी तयार केली तर उमेदवार निवडीच्या बैठकीत त्या यादीच्या जोरावर ती बोलू शकेल.

दुसरे रान मराठी शाळा. युवा समितीची पोरे शाळांमध्ये शैक्षणिक साहित्य वाटतात, ते चांगलेच आहे. पण वह्या वाटून पट वाढत नाही. शाळा सुधारणा समित्यांवर तरुण पालकांनी बसायला हवे, शिक्षकाची जागा रिकामी असेल तर तालुक्याला हेलपाटे घालायला हवेत. सीमाभागातल्या ८६५ गावांच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्रातल्या प्रवेशांत सवलती आहेत, महात्मा फुले जन आरोग्य योजना २०२३ मध्ये या गावांना लागू झाली. किती घरांना याची कागदपत्रे नीट भरता येतात? राष्ट्रीय पक्षांची युवा मंडळी आज आपल्या गल्लीत येऊन रेशन कार्ड आणि पेन्शनचे अर्ज भरून देतात आणि त्याच दारातून मते घेऊन जातात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आपले दार आपण उघडे ठेवले नाही.

"पोरांना अनुभव नाही, फेसबुकवर लिहिण्यापलीकडे त्यांना काय येते?" हा आक्षेप मी अनेक बैठकांत ऐकला आहे. उचगाव, कडोली, येळ्ळूर, बेळगुंदी इथली मराठी साहित्य संमेलने कोण उभी करतो? मंडप, जेवणावळ, पाहुण्यांची ने-आण, हिशेब, सगळे तरुण करतात. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत रात्रभर मंडळे कोण चालवतो? मळेकरणी देवीच्या यात्रेच्या गर्दीत वाहने कोण लावून देतो? लाखांचे हिशेब ही पोरे चोख ठेवतात, मग समितीचा हिशेब त्यांना का झेपणार नाही?

पोरांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात नेला. तो दाखल झाला त्या वर्षी जन्मलेले मूल आता मतदार झाले आहे. महाजन आयोगाने १९६७ मध्ये काय म्हटले, महाराष्ट्राने ते का नाकारले, भाषिक अल्पसंख्याकांसाठी घटनेच्या ३५०-अ आणि ३५०-ब कलमांत काय आहे, हे चार वाक्यांत सांगता येणारे कार्यकर्ते किती निघतील? घोषणा पाठ असून चालत नाही. १९९६ च्या लोकसभेला बेळगावातून ४५६ उमेदवार उभे करून सीमाप्रश्न देशभर गाजवला गेला. ती कल्पना कायदा वाचलेल्या डोक्यातून आली होती, कारण तेव्हा अनामत फक्त ५०० रुपये होती. त्याच वर्षी कायदा बदलून ती १०,००० करण्यात आली. आणि दुसरे म्हणजे, युवा समितीतही वयाची अट असू द्या आणि ती पाळा. चाळिशी उलटलेले 'युवा' पदाधिकारी सगळ्याच पक्षांत दिसतात, आपल्याकडे नकोत.

मध्यवर्ती समितीपुढे, तालुका समितीपुढे आणि गावच्या बैठकीपुढे माझी मागणी एवढीच आहे की कार्यकारिणीत आणि उमेदवार निवड समितीत किमान एक तृतीयांश जागा पस्तिशीच्या आतल्यांना द्याव्यात, त्यांत मुली असाव्यात, आणि त्या जागा मतासह द्याव्यात. निमंत्रित म्हणून नकोत. पुढच्या ग्रामपंचायत निवडणुकीत उचगावातील प्रत्येक वॉर्डात समितीचे नाव कोण सुचवणार, हे युवा समितीसह बसून ठरवावे. ज्येष्ठांपैकी कोणाला हे पटत नसेल तर त्यांनी याच पानावर लिहावे. युवा समितीच्या पोरांनी मात्र आधी आपापल्या गल्लीतल्या अठरा पूर्ण झालेल्यांची यादी घेऊन बैठकीला यावे.