सीताफळाच्या गराला विरजण

दसरा-दिवाळीच्या सुमारास तलमडुगुसह आदिलाबादच्या जंगलपट्ट्यात सीताफळांचा हंगाम ऐन भरात असतो. उतरवलेले फळ दोन-चार दिवसांत मऊ पडते, फ्रीजमध्ये ठेवले तर साल काळी पडते. मिळेल त्या भावाने टोपली रिकामी करण्याखेरीज विकणाऱ्या बाईपुढे पर्याय उरत नाही. फळप्रक्रिया करणाऱ्यांनी या फळाकडे आंबवण्याच्या दृष्टीने पाहायला हवे.

गर तापवला की कडवट होतो, ही जुनी अडचण. जिवाणूंच्या आंबवणीला उष्णता लागत नाही, हा मोठाच फायदा. पण सीताफळात साखर 20 टक्क्यांच्या आसपास आणि आंबटपणा अगदी कमी. असा गर नुसता ठेवला तर रानटी यीस्ट पुढे सरसावते आणि अल्कोहोल व वायू तयार होतो. मोहाच्या फुलांचे या भागात पिढ्यान्‌पिढ्या तेच होत आले आहे.

म्हणून क्रम महत्त्वाचा. बी फुटू न देता गर काढावा, लिंबाच्या रसाने पीएच 4.6च्या खाली आणावा आणि लगेच लॅक्टिप्लँटिबॅसिलस प्लँटारम या जिवाणूचे भरपूर विरजण लावावे. आम्लाने यीस्ट मरत नाही. त्याला आवरते ती थंडी. अल्कोहोल 0.5 टक्क्यांपुढे गेले, तर कायद्याने ते मद्य ठरते.

यीस्ट म्हणजे शत्रूच, असे मात्र नव्हे. 1920च्या दशकात आंरी बुलार या फ्रेंच शास्त्रज्ञाला इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीनच्या सालींवर जे यीस्ट सापडले, ते आज जुलाबावरच्या औषधात वापरतात. स्वीडनमध्ये 1994 साली प्लँटारमचे फळपेय बाजारात आले. त्यात आंबवले होते ओट, फळ नव्हे. फळ आंबवण्याचे काम किती नाजूक आहे, हे यावरून कळावे.

‘प्रोबायोटिक’ हा शब्द लेबलवर सरसकट छापणे थांबले पाहिजे. भारतीय नियमांनुसार दिवसाच्या मात्रेत किमान 10 कोटी जिवंत पेशी हव्यात, त्याही ओळख पटलेल्या सूक्ष्मजीवाच्या. ही मोजणी मुदतीच्या शेवटच्या दिवशीही करावी. ती खात्री होईपर्यंत ‘आंबवलेला सीताफळ गर’ एवढेच लिहावे. आणि तलमडुगुच्या महिला गटांना बाटल्या भरण्याचे यंत्र देण्याआधी डीप फ्रीजर, पीएच मीटर आणि खात्रीची वीज द्यावी.