मेंदूसाहेब आणि त्यांचे शिपाई

परवा एका व्याख्यानमालेत एका विद्वानांनी श्रोत्यांना शरीरशास्त्र शिकवलं. मेंदू म्हणजे साहेब, मज्जारज्जू म्हणजे टपाल, स्नायू म्हणजे शिपाई. साहेब हुकूम सोडतात, टपाल पोचतं, शिपाई कामाला लागतो. इथवर चालून गेलं असतं. पण विद्वान तेवढ्यावर थांबले तर विद्वान कसले? सुतार, गवंडी, भाकरी थापणारी बाई यांचं काम ‘निव्वळ स्नायूंचं’, बुद्धीशी त्याचा संबंध नाही. तेव्हा शाळांनी कार्यानुभवाचे तास बंद करून गणिताला द्यावेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. डोक्याला समजलं की हाताला जमतंच, हे पालुपद. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणं हेही स्नायूंचंच काम, त्यामुळे त्यांत बुद्धी नव्हती हे त्यांच्याच सिद्धांताने आपोआप सिद्ध झालं.

आधी हुकमाचं बघू. १९११ मध्ये ग्रॅहम ब्राउन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने मांजराचा मज्जारज्जू मेंदूपासून तोडला, पायांकडून येणाऱ्या संवेदनांची वाटही बंद केली. तरी पायाचे स्नायू चालीच्या ठेक्यात आळीपाळीने आकसत राहिले. साहेबांच्या कचेरीला कुलूप, आणि टपालखातं आपलं आपणच पत्रं लिहितंय!

मांजराचं सोडा म्हणाल. ठीक, माणूस घेऊ. १९७१ मध्ये जर्सी बेटावर एका १९ वर्षांच्या खाटकाला संसर्गानंतर मानेखाली स्पर्श कळेनासा झाला, आणि आपले हातपाय कुठे आहेत हेही. मेंदू शाबूत, स्नायू शाबूत, स्नायूंकडे संदेश नेणाऱ्या नसाही शाबूत. म्हणजे विद्वानांची अख्खी कचेरी जागेवर होती. तरी त्या पोराला अंथरुणात उठून बसता येईना, हात भलतीकडेच जायचे. पुढे त्याने अफाट चिकाटीने, प्रत्येक अवयवावर नजर ठेवून, हालचाल नव्याने शिकून घेतली. पण दिवे गेले की तो कोसळायचा. हुकूम सोडून भागत असतं तर त्याचं काय अडलं होतं?

अडलं होतं ते खालून वर येणाऱ्या बातमीपाशी. स्नायू किती ताणला गेला हे टिपणारे सूक्ष्म ग्राहक स्नायूतच असतात, जोर किती पडतोय हे टिपणारे कंडरेत. ते क्षणाक्षणाला कळवत असतात. शिवाय ही बातमीही पोचायला वेळ खाते, म्हणून शरीर तिची वाट बघत बसत नाही. उभं राहून हात झटकन वर करा. खांद्याचा स्नायू हलण्याआधीच पायांचे आणि पाठीचे स्नायू सावरून बसलेले असतात, कारण हात वर गेला की तोल ढळणार हे आधीच धरलेलं असतं. सोव्हिएत संशोधकांनी १९६७ मध्येच हे मोजून दाखवलं. असा अंदाज बांधण्यात मोठा वाटा लहान मेंदूचा. वजनाने तो सगळ्या मेंदूच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा, पण मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज एकट्या त्याच्यात. तो बिघडलेल्या रोग्याच्या हातात ताकद असते, नाकाला बोट लाव म्हटलेलं कळतंही. बोट मात्र नाकाजवळ येता येता थरथरतं आणि निशाण चुकतं. समजलं, पण जमलं नाही. पालुपदाचं काय करायचं?

हातकाम म्हणजे तीच ती यांत्रिक घोकंपट्टी, हा दुसरा समज. १९२०च्या दशकात मॉस्कोत निकोलाय बर्नस्टाइन यांनी छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांच्या हालचाली फिल्मवर टिपल्या. हातोड्याचं टोक दर घावाला जवळजवळ त्याच वाटेने जात होतं, पण खांदा, कोपर आणि मनगट यांचे कोन दर वेळी निराळे होते. एका सांध्यात उणं-अधिक झालं की दुसरा ते निस्तरत होता. कामगाराने एकच हालचाल हजारदा केली नव्हती. एकच अडचण हजारदा सोडवली होती.

हे बघायला मॉस्कोला जायची गरज नाही, स्वयंपाकघर पुरे. ज्वारीच्या पिठाला गव्हाची चिकटाई नाही, म्हणून ते गरम पाण्यात मळायचं. पीठ जुनं असलं की तरीही विरी जाते. परातीत तळहात पडतो तशी त्याच थापेसरशी भाकरी थोडी फिरते. कडेला चीर दिसली की बोटं तिकडे वळून ती मिटवतात, मध्ये जाड राहिली की थापेचा भार तिथे सरकतो. मग ती अख्खी भाकरी दोन्ही हातांवर उचलून, न मोडता, पिठाची बाजू वर ठेवून तव्यावर पडते आणि लगेच वरून पाण्याचा हात फिरतो. बाई या वेळात दुधाच्या भावावरून दूधवाल्याशी वाद घालत असते. विद्वानांनी ही कृती पाठ करावी, हवं तर तिच्यावर शोधनिबंध लिहावा, आणि मग परातीपुढे बसावं.

असाच वाद मागे कित्त्यावरून रंगला होता. अक्षर हा आता यंत्राचा प्रांत, मुलांची बोटं कशाला झिजवता, असं एक गृहस्थ तावातावाने सांगत होते. त्यांचं अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नसे, हा मुद्दा तेव्हा शिष्टाचार म्हणून कोणी काढला नाही. मी आता काढतो.

बाकीचे आक्षेप किरकोळ. पक्षाघाताने हात लुळा पडतो, म्हणून मेंदूच सर्वेसर्वा? वीज गेली की रेडिओ बंद पडतो. म्हणून गाणं विजेचं होत नाही. हातकाम यंत्रं आधी गिळणार? संगणकाने बुद्धिबळाचा जगज्जेता १९९७ मध्ये हरवला. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्पर्धेत नामांकित यंत्रमानव दार उघडायला गेले आणि धाडकन आडवे झाले.

मग माझं म्हणणं काय? एवढंच, की हालचाल म्हणजे अंदाज, बातमी आणि दुरुस्ती यांची सततची देवघेव. तिच्यात मेंदू आहे, पाठीचा कणा आहे, तळहाताची कातडीही आहे, आणि तीत कोणी कोणाचा शिपाई नाही. ही देवघेव ज्याच्या त्याच्या शरीराला स्वतः चुकूनच बसवावी लागते, फळ्यावर लिहून देता येत नाही. हातकामाने गणित सुधारतं असा दावा मी करत नाही. गणिताच्या शिफारशीवाचूनही ते शिकण्याजोगं आहे. सुतारकाम, शिवण, मातीकाम, काहीही चालेल. आठवड्याला दोन तास, आणि परीक्षा जवळ आली की ते गणिताच्या मास्तरांना उसने द्यायचे नाहीत.