पालिकेला ‘रंगीत तालीम’ म्हणू नका

पालिकेची निवडणूक आली की मराठी वर्तमानपत्रांत ‘विधानसभेची रंगीत तालीम’ हमखास उगवते. सुरत जिल्ह्यातल्या कामरेजमध्ये माझ्या गुजराती शेजाऱ्याला ‘तालीम’ म्हणजे प्रशिक्षण वाटतं, कोल्हापूरच्या पाहुण्याला आखाडा. मूळ शब्द अरबी, अर्थ शिकवणं. नाटकवाल्यांनी तो सरावासाठी उचलला. रंगीत म्हणजे तोंडाला रंग फासून, कपडेपट आणि दिव्यांसकट केलेली. गणपतीतल्या आमच्या नाटकात दरोग्याची मिशी दुसऱ्या अंकात घामानं सुटून ओठावर लोंबायला लागली. रंगीत तालमीतच सुटली म्हणून बरं, गोंद बदलता आला. तालीम असते ती यासाठी: प्रेक्षक नसताना चुकायला.

मतदाराला कुठली आलीय ही सवलत? आणि तालमीवरून प्रयोग ओळखता येतो म्हणावं, तर फेब्रुवारी २०२१ मध्ये सुरत महापालिकेत आम आदमी पक्षाचे २७ नगरसेवक निवडून आले. डिसेंबर २०२२ मध्ये विधानसभेला मात्र कामरेजसह जिल्ह्यातल्या सोळाही जागा भाजपनं जिंकल्या. शिवाय पालिकेचं काम वेगळं: गटार तुंबलं की आम्ही नगरसेवकालाच गाठतो, आमदाराला नव्हे. संपादक मंडळी, हा मथळा आता नाटकवाल्यांना परत करा.